ओ

तीस सेकंद, सर म्हणाले,
तीस सेकंदांत बाई बसवा.

खोली निपाणीतल्या जुन्या तंबाखू वखारीच्या माळ्यावर.
आवाज घुमू नये म्हणून भिंतींना वाकळी टांगलेल्या,
तरी दर दोन ओळींमागे कुणीतरी शिंकायचंच.
वखार बंद होऊन बारा वर्षं झाली,
तुळयांवरचा जर्दा अजून खाली उतरलेला नाही.

गाणं लिहायचं माझ्याकडे आलं
कारण उखाणे मला चटकन सुचतात.
मी लिहून आणलं: तू शक्ती, तू ज्योती, तू भूमाता.
नीलव्वानं सगळं ऐकून घेतलं,
पानातली शीर ओढून काढावी
तशी वही माझ्या हातातून काढली, म्हणाली,
"ह्यातली मी कुठली गं?
मी दिवसाला हजार विड्या वळतोय.
तुझ्या भूमातेला पीएफ मिळतंय काय?"

शक्ती गेली. ज्योती गेली. भूमाता
जाता जाता कोपऱ्यात जरा थांबली, तिलाही घालवलं.
उरली नुसती हाक.
हाकेनं सुरू करूया, ठरलं,
आणि तिथंच पेटलं.

ताई म्हणा, शेवंता म्हणाली.
अक्का म्हणा, नीलव्वा म्हणाली.
हसीनाबी म्हणाली, आमच्यात आपा म्हणतात,
खरं मला काय बी चालतंय, चहा कधी येतोय?
बाहेर नोव्हेंबर होता,
पाट्यांना काळं फासायचा महिना.
आत पाच बायका, एक माइक,
आणि सर, घड्याळाकडं बघत.

"जोडून म्हणून बघा दोन्ही,
चाल बसतीय का बघूया,"
म्हणून मी माइकजवळ तोंड नेलं,
जरा लांबवून म्हटलं:
आक्काताई...

"ओ,"
जिन्यातून आवाज आला.

केटली घेऊन ती उभी होती,
वाकळी टांगणारी, रोज खोली झाडणारी,
जिचं नाव विचारायचं आमच्याकडून राहूनच गेलेलं.
आम्ही म्हणायचो, चहावाल्या मावशी.
गल्लीत ती बाळूची आई,
विडीच्या पासबुकावर एकशे बारा नंबर.
"नावानं कोण हाक मारलं?" तिनं विचारलं,
आणि काही चुकलं की काय
अशी आमच्याकडं बघत राहिली.

रेकॉर्डिंग चालूच होतं.
त्यात तिची ओ आली, कपांची किणकिण,
मागून एक शिंक, बहुतेक माझी.
सरांनी तेवढं कापलं.
ऐकलं.
परत जोडलं.
नीलव्वा कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाली,
"ओ म्हंजे कानडीतबी ओच की."

पुढं गाणं आहे तसं.
सुपाचा ठेका, पानं कापायच्या कात्रीची कचकच,
हसीनाबीनं शेवटाला वर नेलेला सूर.
शिंक ठेवायची की नाही
ह्यावर अजून एकमत नाही.
आक्काताईनं एवढंच विचारलं,
"तीस सेकंदातला माझा एक.
एकाचे किती होतात?"
सर हसले. ती हसली नाही.
मग आम्ही पण हसायचं थांबवलं
आणि चाळीस रुपयांच्या पावतीवर तिची सही घेतली, सावकाश,
पाचही अक्षरांची. आडनाव तिनं लिहिलं नाही.

आता मंगळवारी दुपारी तीनला
अक्कोळात, यरनाळात, सौंदलग्यात
मांडीवर सूप घेतलेल्या बायकांना रेडिओ हाक मारतो.
आक्काताई तेव्हा जिन्यात असते, केटली घेऊन.
टेप आहे, माहीत आहे तिला,
आतून ओ येणार, तीही माहीत आहे.
तरी ओ देते,
दर वेळी
आतल्या तिच्या जराशी आधी.