काम: बॉल

जिनिंग विकलं गेलं, तेव्हा जुन्या वह्या रद्दीत घालायचं काम
माझ्याकडे आलं. सत्तावीस पोती,
कसर, उंदरांच्या लेंड्या, आणि अडतीस सालच्या मस्टरात
सरकी भरणाऱ्यांच्या खाली एक ओळ वेगळ्या शाईत:
चैतराम मसराम. काम: बॉल. आठ आणे.

मी पाणी प्यायलो
आणि पुन्हा वाचलं.

गफूरचाचा चाळीस वर्षं बॉयलरवर होते. म्हणाले,
"चैत्या? डावीकून निंगाला का
उभ्या पऱ्हाटीतून ससा गेल्यावानी.
लोक बॉलकडे पाहेत, थो गेलेला राहे."

पण ससा एका वावरात थोडाच राहतो.
हंगाम सरला, प्रेस थंडावली, की तो
आर्वीच्या छोट्या गाडीच्या पायरीवर बसायचा,
फडक्यात भाकर, भाकरीवर कांदा.
पुलगावच्या गिरणीकडून सात मॅच.
बडनेऱ्याला रेल्वेकडून तीन.
यवतमाळात पोलिसांकडून एक, तीही अर्धीच,
मध्यंतरात कुणीतरी ओळखलं म्हणून.
रेल्वेत बाहेरचा माणूस चालत नसे, तिथे तो पीटर.
गिरणीत तो मारोती,
तापाने पडलेल्या साचेवाल्याच्या नावावर.
गोल त्याचे, नावं ज्याची त्याची.
पीटरला म्हणे पुढे बढती मिळाली.

मजुरी कधी पायलीभर ज्वारी,
कधी सायकलची ट्यूब,
एकदा नुसतीच पाठीवर थाप.

मग लढाई लागली. भरतीवाले
पुलगावात टेबल टाकून बसले.
तिथे त्याने पहिल्यांदा स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं
आणि त्यांनी त्याला नंबर दिला.

बसऱ्याच्या धक्क्यावर दिवसभर पोती,
ऊन उतरलं की कडक वाळूवर गोऱ्यांच्या टीमशी खेळ.
त्यांच्यात एक हडकुळा होता,
आपल्या मुलखात पगारावर खेळणारा,
पाच वर्षांत चार क्लब फिरलेला, कुठेच न रुजलेला.
मॅच संपल्यावर तो चैतरामच्या अनवाणी पायांकडे
बघत बसला बराच वेळ.
मग बूट काढले, पुढे सरकवले
आणि मोज्यांवरच बराकीत गेला.
एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती.
धंदा एकच होता.

सव्विसाव्या वर्षी गेलेला, एकतिसाव्या वर्षी परतला.
बूट घालून मैदानात उतरला तर बॉल सापडेना.
"पायाले डोये असतात न गफूर,
कोनं फडकं बांधल्यावानी झालं पाय."
काढून खेळला तर गुडघा वाजायचा,
टाचणी पडावी तसा नाही,
रेच्याचं दात तुटावं तसा.
सेहेचाळीसच्या हंगामात चार मॅच. गोल नाही.
सत्तेचाळीसच्या मस्टरात त्याच नावापुढे
काम: चौकीदार.

पोरांसाठी तो बॉयलरच्या राखेने रेषा ओढायचा,
दोरी न धरता, सरळ.
बूट खिळ्याला टांगलेले.
एकात बिड्या, दुसऱ्यात कंदिलाच्या वाती.
गोल झाला की शिट्टी नाही,
फाटकावर काठी आपटायचा. एकदाच.

एकोणचाळीसच्या वहीत आणखी एक पान आहे.
पगाराच्या दिवशी त्यानं विचारलं होतं, अंगठा कोणता लावू?
मुनीम हसला: ज्यानं कमावलं त्याचा लाव.
तर हा गडी चौरंगावर पाय ठेवून
शाईत डाव्या पायाचा अंगठा बुडवून मोकळा.
मुनिमाने खाली लिहिलंय, बरोबर आहे.

छाप अजून काळा आहे. मधोमध एक भेग,
चैतातल्या काळ्या वावरात पडते तशी.

रद्दीवाल्याने तीनदा काटा लावला.
चारशे बारा किलो.
एक पान कमी.