उजेड पाडणं

मेदेर-आके सांगायचे, पहिल्या वर्षी अंडं दिलं होतं.
पांढरं अंडं, पांढऱ्या कापडावर,
एक दिवा, आणि बुटक्या मास्तरांचं एकच वाक्य:
"गोल दिसलं पाहिजे. चपटं दिसलं तर गावी जा."
मॉस्कोतला जानेवारी, वसतिगृहाचे नळ गोठलेले.
नऊ रात्री ते दिवा फिरवत राहिले,
बोटभर डावीकडे, केसभर वर.
दहाव्या रात्री पांढऱ्यातून पांढरं सुटं झालं,
एका बाजूला राखेची पुसट रेघ.
त्यांनी फोटो काढला
आणि अंडं उकडून खाल्लं.
"भूक लागली होती," एवढंच म्हणायचे.

पदवी घेऊन नारीनला परतले तेव्हा
मेंढ्या आत घेता घेता बापाने विचारलं,
"पाच वर्षं तिकडे काय उजेड पाडलास?"
प्रश्न त्यांना अक्षरशः खरा वाटला.
उत्तर द्यायला अजून सात वर्षं होती.

स्टुडिओत सात वर्षं तिपाई वाहिली.
काळ्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून
आंधळ्यासारखी फिल्म भरली.
नटीच्या डोळ्यापासून भिंगापर्यंत टेप धरली:
चार मीटर दहा,
ती श्वास घेते तेव्हा चार मीटर आठ.
थंडीत बॅटरी कोटाच्या आत, छातीशी,
आईवेगळं कोकरू धरतात तशी.
रिळं विमानाने जायची धुवायला.
काय टिपलं ते तीन आठवड्यांनी कळायचं,
तोवर पोटात दगड.

मग सिनेमे. किती, ते त्यांनी मोजले नाहीत.
मग देश बदलला.
स्टुडिओचं छत गळायला लागलं,
डब्यांच्या कपाटावर कबुतरांनी संसार मांडला,
आणि लाइट मीटर गेला
पिठाच्या दोन पोत्यांना.

तेव्हापासून लग्नं.
मी तिथेच भेटले त्यांना,
सतरा वर्षांची, केबल गुंडाळायला ठेवलेली.
बिश्केकच्या चौकात गाड्यांची वरात खोळंबलेली,
नवरामुलगा घड्याळ बघतोय,
आणि हे तळहात आभाळाकडे धरून:
"थांबा. ढग सरकतोय. तिच्या गालावर ऊन येऊ द्या."
नवरीची मावशी खेकसली. पैसे कापले.
ती कॅसेट कुठे असेल कोण जाणे,
लग्न टिकलं का, तेही ठाऊक नाही.
गालावरचं ऊन मात्र मी पाहिलंय.

तळहाताचं गणित त्यांनी शिकवलं नाही.
मीच बघत राहिले, डोळ्यांत तेल घालून:
अंगठ्याखालच्या उंचवट्याशी सावली किती दाट,
बोटांच्या फटींतून काय गळतंय.
चुकलं तर रागवत नसत.
"गोल नाही दिसत," म्हणायचे,
आणि पुढे चालू लागायचे.

आता कॅमेरा माझ्या खांद्यावर.
पडद्यावर सगळं लगेच दिसतं,
पोटात दगड ठेवायलाही सवड नाही.
इसिक-कुलच्या काठावर दिग्दर्शक पोरगा विचारतो,
"एजे, सारखा हात काय बघता? भविष्य?"
मी हसते. त्याला कुठून सांगायला सुरुवात करू,
पिठापासून?

गेल्या सप्टेंबरात त्यांचा मोतीबिंदू काढला.
पट्टी सुटली तसे खिडकीकडे पाहून हळहळले:
"दहा वर्षं फुकटचा पिवळा फिल्टर होता,
काढून घेतला या लोकांनी.
डोंगरावरचा बर्फ एवढा निळा असतो?
म्हणजे ती सगळी लग्नं मी..."
वाक्य तिथेच राहिलं.

नर्सने ताट आणलं. पाव, चहा, उकडलेलं अंडं.
त्यांनी ताट खिडकीशी सरकवलं,
जरासं वळवलं, परत वळवलं.
मी म्हटलं, आके, खाऊन घ्या, गार होतंय.

"थांब," म्हणाले.