मारू बिहाग, अकराव्या मिनिटाला

ग्रॅच्युइटीतून अ‍ॅम्प्लिफायर आला,
कुंदाच्या भाषेत, 'गार न होणारा डबा'.
स्पीकर आले, त्यांचे खिळ्यांसारखे पाय आले,
पायांखाली घालायला कडप्पा कापून आणला धायरीहून.
खिडकीला जाड गोधडी अडकवली, कारण
कर्वे रस्त्याचे हॉर्न
कुठल्याच केबलने गाळता येत नाहीत.

राहिला फक्त उगम.
तन्वीर शिकलगार 'सोर्स' म्हणतो.
मला उगमच बरा वाटतो.
नळ किती का पितळी असेना,
खडकवासल्यात काय आहे ते बघायला नको?

तो तीन अ‍ॅप घेऊन आला, तिन्ही महिनाभर फुकट.
"काका, हे चोवीस बिट, एकशे ब्याण्णव.
हे सोळा.
आणि हे… जाऊ द्या, हे जिममध्ये ऐकायचं."
बोलताना त्याचे हात हवेत मंच बांधत होते:
इथे तबला, इथे पेटी,
मागे, जरा खाली, तानपुरे.
त्याने परदेशी पियानो लावला.
मग एक पेला फुटल्याचा आवाज लावला, दोनदा.
कुंदा स्वयंपाकघरातून धावत आली.

मी म्हटलं, मला एकच बैठक लावून दाखव.
नारायण पेठ, दुसरा मजला, डिसेंबर ब्याऐंशी.
अकराव्या मिनिटाला बाई तीव्र मध्यमावर थांबतात,
तबलजीचा हात वरच राहतो,
आणि कुणीतरी खोकतं.

तो मी.

कॅसेट निघाली ती खोकल्यासकट.
वर्षभर मित्र मला 'साथीदार' म्हणायचे.
पुढे डेकने ती कॅसेट खाल्ली.

चोवीस बिट.
बाई समोर येऊन बसल्या, खरं सांगतो,
पदर सावरला तोही कळला.
अकरावं मिनिट. मध्यम.
मग शांतता,
ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्यासारखी.
परत लाव, म्हटलं. परत तेच.
"साफ केलंय काका," तन्वीर कौतुकाने म्हणाला,
जणू माझ्याच अंगणातला केर काढलाय.

सोळा बिटांत रागाचं नाव 'मारो बिहार',
निवडणुकीची घोषणा असावी तसं,
आणि द्रुत तोडून वेगळी विकायला ठेवलेली.
तिथेही मी नव्हतो.

मग जिमवालं.
कुणाची तरी घासलेली कॅसेट, कुणीतरी चढवलेली,
तानपुरे पत्र्याच्या डब्यात बसलेले.
मध्यम. खर्र.
आणि मी, एकोणीस वर्षांचा, घसा धरून.
त्यामागोमाग, त्या जुन्या डेकवर
मला कधीच ऐकू न आलेली
कागदाची चुरचुर.

खडीसाखरेची पुडी.
प्रभंजनने खिशातून काढली होती,
बाईंवरची नजर न हलवता
माझ्या तळहातावर दोन खडे ठेवले होते.

सोसायटीच्या पार्किंगवरून भांडलो, त्याला नऊ वर्षं झाली.
तो बी विंगमध्ये असतो.
त्याच्या हॉलचा दिवा इथून दिसतो.

"या यंत्रावर हे लावणार?" तन्वीरने विचारलं.
पैठणीवर शबनम पिशवी घेतलेली बाई बघावी
तसा बघत होता माझ्याकडे.
त्याला कसं सांगू, की ती पुडी ऐकू यायला
यंत्र हेच लागलं.
"महिन्याचं घ्या, वर्षाचं नको," आतून कुंदा.
"आणि खोकलाच ऐकायचा असेल
तर पहाटे पाचला मी रोज ऐकते. फुकटात."

तन्वीर गेल्यावर गोधडी उतरवली.
खिडकी उघडली.
रात्री दहानंतर आवाज करू नये, ही नोटीस
प्रभंजनच्याच अक्षरात, लिफ्टशेजारी आहे.
पावणेदहा झालेत.
अकरावं मिनिट बसतं.