दोन लिटर

डॉक्टर सुहैला म्हणाल्या, सहा आठवडे
दोन लिटरपेक्षा जड काही उचलायचं नाही.
वजन लिटरमध्ये सांगितलं त्यांनी,
टेबलावरची पाण्याची बाटली उचलून दाखवत.
मी मनातल्या मनात घरभर फिरून आले:
भरलेला कुकर. ओल्या चादरी.
शार्दूलच्या माशांची बादली.

टाकी त्याची. तो गेला कॅनडाला,
मासे राहिले शारजात, अकराव्या मजल्यावर,
एसीच्या झोतापासून जरा बाजूला.
मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे मासा
एक तर ताजा असतो, नाही तर शिळा.
त्याला नाव ठेवून दोन वेळा जेवू घालते,
हे आईला फोनवर अजून सांगितलेलं नाही.
ती तिकडे शेजारणींना सांगते, पिशवी काढली.
एवढंच. बाजारातून आल्यावर
खुंटीला अडकवायची असते, तशी.

शुक्रवारी चौथा हिस्सा पाणी बदलायचं.
जुनं नळी लावली की आपोआप मोरीत जातं,
नवं मात्र वाहावं लागतं.
वीस लिटर, लिटरचा तांब्या,
वीस खेपा, दोन्ही हातांत धरून,
देवाला निघाल्यासारखी.

उन्हाळ्यात इथले नळ फितूर होतात.
गार पाण्याचा पोळतो,
गच्चीवर दिवसभर उकळलेलं येतं त्याला,
आणि बंद ठेवलेल्या गिझरमधून
त्यातल्या त्यात गार.
ते रात्रीच टबात काढून ठेवते.
क्लोरीन मारायचे थेंब मोजते,
मग माझ्या गोळ्या मोजते.

पहिल्या शुक्रवारी सातव्या खेपेला
टाके बोलले.
टाकीसमोर जमिनीवर बसले, तांब्या मांडीवर.
काचेपलीकडे तळाला तो मिशाळ मासा,
शार्दूल त्याला हेडमास्तर म्हणतो,
तोही बसलेला, कल्ले हलवत.
कितीतरी वेळ कुणीच कुणाला
ऊठ म्हटलं नाही.

इद्रिस नातूर पार्सल द्यायला आला, म्हणाला,
आपा, सोडा, मी ओततो.
आणि ओतली, अख्खी बादली, एका दमात.
वाळूचा धुरळा उडाला, झाडं उपटून वर आली,
एंजल दोन दिवस पंपामागून निघाले नाहीत.
त्याला सरबत दिलं.
पुढच्या शुक्रवारी दाराला आतून कडी घातली.

फिल्टरचा स्पंज मागे एकदा मी
नळाखाली लख्ख धुतला होता, सवयीने.
तीन निऑन गेले तेव्हा.
बाजारातला कासरगोडचा दुकानदार हसला नाही.
म्हणाला, थोडी घाण राहू द्या, पाणी तीच सांभाळते.
आता खिडकीच्या चौकटीत धूळ साचते,
सोफ्यावर कपडे तसेच,
आणि मी त्या माणसाचं नाव विचारायला हवं होतं
असं वाटत पडून राहते.

विश्राम दास बेटावर, अठ्ठावीस दिवसांच्या पाळीवर.
रात्री विचारतो, आज कसं आहे?
सव्वीस डिग्री, मी सांगते, पाणी नितळ,
सगळे जेवले, हेडमास्तर जरा सुस्त.
तुझं विचारतोय, तो म्हणतो.
मी म्हणते, तेच.

परवा आला. हातात फुगलेली पिशवी,
गळ्याशी रबर, आत चार नवे निऑन
आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या सगळ्यांचं कौतुक.
लगेच ओतणार होता.
थांब, म्हटलं. तरंगू दे तशीच.
आतल्या पाण्याला बाहेरचं कळू दे.

पिशवी टाकीवर डुलत राहिली,
जुने मासे खालून येऊन तिला तोंड लावून गेले.
माझा हात पोटावर होता, ते त्याने पाहिलं.
काही बोलला नाही.
कात्री घेऊन उभा, पाच मिनिटांनी विचारतो, झालं?
नाही अजून.
दहा मिनिटांनी, आता?
नाही रे. तू चहा टाक.
आणि कुकरही तूच उतरव.