मधला प्रयोग

सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार-चार तास.
व्होलोसच्या सरकारी इस्पितळाचा तिसरा मजला.
खिडकीतून सिमेंट कारखान्याची चिमणी दिसते,
तिच्या पायाशी माझी एकतीस वर्षं गेली.

शेजारच्या खुर्चीत पोलिक्सेनीबाई.
निवृत्त. प्राचीन ग्रीक शिकवायच्या.
त्याच विषयात मी दोनदा नापास,
हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं,
वैर असेल तर आत्ताच कळावं.

एकदा माझा जावई न्यायला आला, म्हणाला,
"मेलेल्या भाषेत काय ठेवलंय, बाई?"
त्यांनी दंडातल्या दोन नळ्यांकडे बघितलं.
"मेलेली नाही रे. माझ्यासारखी.
मशीनला लावलेली."

मग एका शुक्रवारी,
कंटाळा असा की व्याकरणही गोड लागावं,
त्यांनी विचारलं:
"हे जे चाललंय ते तू करतोयस,
की तुला केलं जातंय?"
मी म्हटलं, ब्लेरिना सिस्टरना विचारा, सुई त्या टोचतात.
"पण बाही तू वर करतोस."

म्हणे जुन्या लोकांकडे कर्तरी आणि कर्मणीच्या मध्ये
आणखी एक प्रयोग होता.
धुणं नाही, धुतलं जाणं नाही.
धुऊन घेणं.
"होता कसला, आहे!
रोज सकाळी बेसिनपाशी तोच वापरतोस, गाढवा,
आणि पेपरात मात्र चुकवलास."

तेव्हा मी घरी एकच नाही धरून बसलो होतो.
देस्पिना, धाकटी. तिचं मूत्रपिंड जुळत होतं.
सात महिने ती बोलत होती, मी भिंत.
बापानं द्यायचं असतं.
लेकीच्या कुशीतून काढून घ्यायचं,
हे क्रियापद माझ्या तोंडात मावत नव्हतं.

बाईंनी सल्ला दिला नाही.
एकच धातू चालवत राहिल्या, पाढ्यासारखा:
मन वळवणं.
आणि त्याचाच मधला प्रयोग,
मन वळू देणं,
म्हणजे, तेव्हाही म्हणजे,
विश्वास टाकणं.

मशीनची शिट्टी वाजली.
कापूस दाबून धरत म्हणाल्या,
"शाळेत कुठे अडला होतास?"
"इथेच," मी म्हटलं.

रात्री देस्पिनानं माझे बटाटे
नेहमीसारखे दोनदा उकळले,
दोन्हीदा पाणी फेकलं.
ताट ठेवून वळली,
सवयीनं, गप्पच.

मी म्हटलं,
"बस. परत सांग.
पहिल्यापासून."