सात हजार दोनशे फेरे

पांचाळमामा लाकूड बोटाच्या पेराने वाजवून घेतो,
कलिंगड घ्यावं तसं.
हे सागवान दारूखान्यातलं, कुठल्याशा बोटीच्या डेकचं.
खिळ्यांची भोकं अजून काळी,
रंधा फिरवला की डांबराचा वास.

मी लालबागची, पंखे नि मिक्सर भरणारी.
केसाहून बारीक तांब्याची तार
तुटायच्या आधी माझ्या बोटाला कळते.
गिटारीचं वाइंडिंग म्हणजे काय, मी विचारलं.
म्हणाला, तीच तार गं, फक्त इथे काही फिरत नाही.
वर पोलाद हलतं आणि खाली चुंबक ऐकतो.

शिलाई मशिनच्या मोटरवर बॉबिन चढवली.
वडाला सात पुरतात,
हिला सात हजार दोनशे.
नऊ हजार दिले तर आवाज सर्दी झाल्यासारखा,
सहा हजारांत खणखणीत, पण पोट रिकामं.
हे कुणी सांगितलं नाही.
तीन बॉबिना वाया गेल्या.

पिकप कुठे बसवायचा, यावरून दोन दिवस अबोला.
ब्रिजजवळ आवाज नाकातून येतो,
मानेकडे सरकवला की विहिरीत बोलल्यासारखा गोल.
आणि मान तरी केवढी लांब!
पट्ट्याला अडकवून हात सोडला
की गिटार मान खाली घालायची,
नापास होऊन घरी आलेल्या पोरासारखी.
मामाने वरचं शिंग चार बोटं वाढवलं,
तेव्हा कुठे ती समोर बघायला लागली.

कपॅसिटर लॅमिंग्टन रोडचा, हिरवा, चिंचोक्याएवढा.
टोनचं बटण उतरवलं
की वरची सगळी किणकिण तो अर्थिंगला सोडून देतो.
खाचेला आतून तांब्याचा पत्रा मारला,
तरी ट्यूबलाइटची गुणगुण येतच राहिली.
शेवटी एक वायर ब्रिजखाली सोल्डर केली.
आता तारांवर हात ठेवला की गप्प.

हर्षल नाखवा घ्यायला आला, वरळी कोळीवाड्याचा,
हळदीच्या बँडमधला.
वाजवलं, हसला, आणि थांबला.
सगळ्यात बारीक तार, पाचवा पडदा:
सूर उमटला नि विझला,
ओल्या काडीसारखा.

मी माझ्या जोडण्या पुन्हा तपासल्या. ठीक होत्या.
मामा म्हणाला, मानेचा स्वतःचा सूर तिथेच असणार,
लाकूड आपलं आपण खातंय.
हर्षलने खिशातून जाळ्याची शिशाची गोळी काढली,
खुंट्यांच्या मागे चिकटपट्टीने लावली.
पुन्हा पाचवा पडदा.
फळीवरचा खिळ्यांचा डबा थरथरत राहिला.

मग ती मेलेली जागा गेली कुठे?
मामा तासभर शोधत बसला.
चौथ्यावर तार ओढली तेव्हा सापडली,
चार आणि पाचच्या मधे,
जिथे कुणाचं काम पडत नाही.

गोळी आत बसवून वर झाकण लावतो, मामा म्हणाला.
हर्षल म्हणाला, राहू दे, दिसू दे.

त्याच्याकडे दोन हजार बाकी आहेत.
होड्या सुटल्या की देतो म्हणालाय.