जोड्या लावा

टिळक रोडवरच्या क्लासात सहा वर्षं
मी हेच शिकवलं, की इंग्रजीत शब्द एकटा फिरत नाही.
फळ्यावर अ गट, ब गट. जोड्या लावा.
ब्रीच आला की सीरियस त्याच्या बाजूला सरकतो,
व्हायोलेशनचं जमतं फ्लॅग्रंटशी,
डिसरिगार्डला ब्लेटंट.
आणि मिसकंडक्ट?
मागच्या बाकावरून कुणीतरी: ग्रॉस, मॅडम.
बिग मिसकंडक्ट का नाही, असं एका मुलीने विचारलं होतं.
चूक नाही गं, म्हटलं, पण कानाला खटकतं.
खरं कारण मलाही माहीत नव्हतं.

ग्रोस मला दुकानामुळे माहीत.
बोहरी आळीत बाबा बटणं विकायचे.
बारा डझनांचा एक ग्रोस,
शर्टाची पांढरी बटणं, पुठ्ठ्यावर दोऱ्याने टाचलेली.
एखादं कमी भरलं
तर गिऱ्हाईक पेठ ओलांडून परत यायचं.

आता क्लास बंद. शिवाजीनगर कोर्टासमोर
झेरॉक्सवाल्याच्या पोटमाळ्यावर भाषांतरं करते,
शब्दाला दीड रुपया.
आज आरोपपत्र. साडेतीन पानं. हडपसरची कंपनी.
रंगनाथ सखाराम खिलारे, वॉचमन, रात्रपाळी.
पहिल्याच ओळीत ग्रॉस मिसकंडक्ट.
मी मोजते. एकशे चव्वेचाळीस नाहीत,
एकच आहे:
अकरा जानेवारीला पहाटे तीनच्या सुमारास
गोडाऊनच्या गच्चीवर पुठ्ठे पेटवून
शेकत बसला.
खाली थिनरचे दोनशे ड्रम.

दोनशे. हे मी पुन्हा वाचलं.
माझा दीर त्याच रस्त्याला राहतो.

फ्लॅग्रंट व्हायोलेशन.
डिक्शनरी म्हणते, या शब्दाच्या मुळाशी जाळ आहे.
म्हणजे साहेबांनी नकळत नेमकं लिहिलं.
मराठीत काय करू? ढळढळीत?
ढळढळीत म्हटलं की मला दुपार दिसते,
आणि हा तर पहाटे तीनचा अंधार.
सर्रास नको, सर्रास म्हणजे रोज.
पायमल्ली म्हणावं तर पायात रबरी चपला,
त्याही नोंदल्यात, सेफ्टी शूज नाहीत, कलम नऊ.
शेवटी हात सवयीने लिहून जातो:
नियम धाब्यावर बसवले.
आणि थांबतो.
धाबं म्हणजे गच्चीच की.
बसला होता खरा. नियमही असेल शेजारी,
दोघं हात पुढे करून.
खोडलं. तीन शब्द, साडेचार रुपये.

दुपारी तो स्वतःच जिना चढून येतो.
वकिलांनी पाठवलंय: वाचून दाखवा,
समजलं म्हणून सही घ्या.
कानटोपी मुठीत. मी वाचते,
कोर्टात वाचतात तसं, सपाट,
सबब सदर कृत्य हे घोर गैरवर्तन असून
"घोर?"
मी थांबते.
"घोर मंडळीच्या जिवाला लागलाय, बाई.
अकरा तारखेपासनं."

खाली झेरॉक्सचं मशीन उजेड टाकत सरकत राहतं.

"ड्रमांचं ठाऊक होतं तुम्हाला?"
हे विचारायचं माझं काम नाही.
"होतं की."
"मग?"
"थंडी वाजत होती."

एवढंच. मी वाट बघितली,
आणखी काही येईल, आजारपण, एखादं लेकरू,
ज्याच्या शेजारी माझा एखादा मऊ शब्द बसवता येईल.
तो पेन शोधत होता.

सही करतो. सावकाश, ओळीखाली बोट धरून.
त्याचा ख जुळत नाही,
र आणि व जरा लांब लांब पडतात,
मधून कागद दिसतो.
कुणीही वाचलं तर रविलारे वाचेल.
मी समजलं या शब्दावर शिक्का मारते
आणि ख तसाच राहू देते.